मुरमाचं रान

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात रामकिसननं मोसंबीच्या बागेचं पाणी बंद केलं. ठिबकाचे दोन्ही व्हॉल्व्ह फिरवून घट्ट केले, मोटारीचा फ्यूज काढला आणि कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून खिशात घातला. बांधावर त्याचा बाप बन्सी काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"दोन्हीकडलं एकदमच बंद केलं?"

"व्हय आबा."

"मागल्या साली बी एकदमच केलं व्हतं."

रामकिसननं खिशातला फ्यूज चाचपला आणि घराकडं वळला.

मोसंबीचा बहार धरायचा तर आधी झाडाला तहानेनं मारावं लागतं. पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, थोडी गळू द्यायची, आणि झाड घाबरलं की पाणी सोडायचं. मग ते फुलतं. याला ताण देणं म्हणतात. बन्सीच्या बागेचे दोन तुकडे होते. खालचा नाल्याच्या अंगाला, काळ्या जमिनीत. वरचा माळावर, मुरमात, पैठण रस्त्याला लागून. मागच्या वर्षी दोन्ही तुकड्यांना सारखाच ताण बसला. खालचा फुलला. वरच्यातल्या रस्त्याकडच्या दोन ओळी पुन्हा हिरव्या झाल्याच नाहीत. त्यांची खोडं वर्षभर रामकिसनच्या बायकोच्या, आशाबाईच्या चुलीत जळत होती.

त्याच दिवसांत रामकिसनही वाळून पडला होता.

तो चितेगावच्या एका कारखान्यात प्लास्टिकची झाकणं काढणाऱ्या मशीनवर होता. पहिली पाळी सुटायची तोवर घराकडची बस निघून गेलेली असे. एक दिवस वैतागून तो पळतच वस्तीवर आला. दुसऱ्या दिवशीही आला. बिडकीनच्या अलीकडं त्याला शहरातल्या गारखेड्याच्या धावणाऱ्यांचा एक गट भेटला. त्यांच्यातल्या डॉक्टर चारुता यांनी त्याच्या पायातल्या कारखान्याच्या जड बुटांकडं पाहत विचारलं, "कुणापासून पळताय?"

"बस चुकली मॅडम."

त्या हसल्या आणि पुढचे काही रविवार त्याला सोबत घेऊन धावल्या. त्यांनीच त्याला धावायचे बूट घ्यायला लावले. गारखेड्यापासून पैठणच्या धरणापर्यंतची पन्नास किलोमीटरची शर्यत असते, तिला अल्ट्रा म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. तयारी मात्र रामकिसननं स्वतःच्या डोक्यानं केली. तहान दाखवली की झाड फुलतं, तर माणसालाही तोच कायदा असणार, असं त्यानं धरलं. सरावात पाणी तोंडाला लावायचं नाही. मागच्या फेब्रुवारीत शर्यतीलाही त्यानं पाण्याच्या टेबलांकडं पाहिलं नाही, आणि ढोरकीनच्या पुढं, धरणाचं पाणी शहराकडं नेणाऱ्या मोठ्या पाइपाशेजारी, तो कोसळला. पाइपातून पाणी धावत असल्याचा आवाज कानाला येत होता, असं तो नंतर सांगे.

गारखेड्याच्या दवाखान्यात त्याला आठवडाभर ठेवलं. खाटेला लटकलेल्या पिशवीत लघवी उतरे ती काळ्या चहासारखी. स्नायू फुटून त्यांचा गाळ रक्तात उतरलाय, तो गाळता गाळता मूत्रपिंडं थकलीत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आशाबाई खाटेजवळ बसून त्या पिशवीकडं पाहत राही. घरी आल्यावर तिनं बूट माळ्यावर फेकले.

या वर्षी बागेचं पाणी तोडलं त्याच संध्याकाळी रामकिसननं माळ्याला शिडी लावली.

"आवं, काय उतरवू राह्यले?" भाकरी थापता थापता आशाबाईनं विचारलं.

"बूट."

"कोन्चे?"

"माझेच. तुझे कुठं हायत?"

परातीतला हात थांबला. मुलगी श्रेया दिवाणावर अभ्यास करत होती, तिनं पुस्तक खाली ठेवलं. ती बारावीला होती आणि घरात भांडण होणार असलं की तिला आधी कळायचं.

"फेब्रुवारीत पुन्हा शर्यत हाय," रामकिसन शिडीवरूनच म्हणाला. "एकदा पुरी करतो. मंग तू म्हनशील तसं."

"आन् मंग त्या पिशवीकडं कोन बघत बसंल? मीच ना?"

"तपासन्या झाल्या. डॉक्टर म्हनाले, आता समदं बराबर हाय."

"डॉक्टरला काय. त्याला रोज धा पिशव्या बघायच्या."

तव्यावरची भाकरी करपली. आशाबाईनं ती उलटली, बाजूला टाकली आणि पुढची घेतली. मग ती म्हणाली, "पळा. पन रोज मला रंग सांगायचा."

"कशाचा?"

"कशाचा म्हंजे? लघवीचा. एकदा जरी चहा झाला, बूट ह्याच चुलीत. मोसंबीच्या खोडावर."

श्रेयानं तोंडावर पुस्तक घेतलं. तिचे खांदे हलत होते.

"हसू नको गं," रामकिसन म्हणाला, आणि बूट काखेत घेऊन खाली उतरला.

*

तेव्हापासून हा नेमच झाला. पाळी सुटली की रामकिसन चितेगावहून पळत निघे, बिडकीन मागं टाकून वस्तीवर येई. न्हाणीघरामागं जाऊन आला की आशाबाई गोठ्यातून, नाहीतर कापसाच्या पातीतून ओरडे, "काय?"

"रस."

"कसला रस?"

"मोसंबीचा. फिक्का."

"मंग ठीक."

शेजारचा फकिरा त्याच कारखान्यात होता. त्यानं हे बांधाआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी पंचिंगच्या रांगेत मागून आवाज आला, "काय रामकिसन, रस का चहा?" रांग हसली. चार दिवसांत पॅकिंगच्या बायकांपर्यंत गोष्ट गेली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनवाला त्याच्यापुढं कप ठेवताना म्हणू लागला, "घे, बघून घे रंग." रामकिसन मान खाली घालून भाकरी मोडी.

मशीन तापलेलं असे. साच्यातून गरम वाफ तोंडावर येई आणि झाकणं थांबत नसत. मशीन सोडून जायचं तर जागेवर दुसरा माणूस उभा करावा लागे, आणि त्यासाठी सुपरवायझर मिहिर साहेबांना विचारावं लागे. मिहिर वयानं लहान, शहरातला, नुकताच इंजिनीअर झालेला. तो रागावत नसे. फक्त भुवई वर करून "परत?" म्हणे. त्या एका शब्दासाठी लाइनीवरची माणसं पाळी संपेपर्यंत पाणी पीत नसत. रामकिसनची घरून भरून आणलेली बाटली खिडकीत तशीच उभी असे. ही सवय इतकी जुनी होती की तिच्याकडं कुणी सवय म्हणूनही पाहत नव्हतं.

पौषात थंडी वाढली. बागेची पानं मलूल होऊन पन्हाळीसारखी दुमडली. रामकिसन सुट्टीच्या दिवशी ओळींमधून कुळवाच्या पाळ्या घाली, झाडांच्या आळ्यात शेणखत टाकी, आणि ते झालं की लांब पळायला जाई. नडगीत कळ येऊ लागली. त्यानं तिथं हळद-चुन्याचा लेप लावला, वर चिंधी बांधली. दोन दिवस लंगडला, तिसऱ्या दिवशी पुन्हा पळाला.

एका दुपारी कारखान्याची पाळी करून तो पळत आला. त्या दिवशी तो मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आला होता. माळाच्या तुकड्याशी पोचला आणि बांधाआड थांबला. मुरमावर पडलेला रंग त्यानं वाकून पाहिला. अगदी काळा नव्हता. पण रस नव्हता.

त्यानं बुटानं माती ओढली. मुरमानं तोवर सगळं पिऊन टाकलं होतं.

"काय?" आशाबाईचा आवाज आला.

"रस," तो म्हणाला.

*

पाण्याचे दोन तांबे पिऊन रामकिसन माळावर गेला. बन्सी आधीच तिथं होता. खाली वाकून पालापाचोळा काठीनं ढवळत होता.

"हे बघ," बन्सी म्हणाला. "ताणात चार पानातलं एक गळावं. हितं अर्धी फांदी उघडी पडली."

"खालच्या रानात अजून गळ न्हाई आबा. आठ दिस तरी हायत."

"खालचं सांगतो का मी? ते काळं हाय. पोटात पानी धरून बसतंय, वरून कितीबी सुकलं तरी. हे मुरूम. वरून वतलं, खालून गेलं. ह्याच्यापाशी साठाच नाय. ह्याला ताण द्यायचा तो हातचा राखून, आन् पानी द्यायचं ते थोडं थोडं." त्यानं एक डहाळी वाकवली. ती लवली, मोडली नाही. "अजून जीव हाय. उंद्याला न्हाई, आत्ताच सोड."

रामकिसननं खिशातून फ्यूज काढला. महिनाभर तो त्याच खिशात होता, कारखान्यातही, पळतानाही. तो हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"काहून उभा राह्यला?"

"आबा, आज रंग बदलला."

बन्सीनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं त्यानं आत्ता झाडाकडं पाहिलं होतं. रामकिसन सडपातळ होता, गालफडं बसलेली, मानेवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले.

"तू बी माळाचाच हायेस," बन्सी म्हणाला. "तुझी माय तशीच व्हती. उन्हातून आली का तांब्याभर, आन् घडीभरानं परत तांब्याभर. मी हसायचो तिला. म्हनायचो, बाई हाय का रांजन." तो थांबला. "सुनबाईला सांगितलं?"

"न्हाई."

"आधी मोटार चालू कर. मंग सांग. आन् मारली तर खा."

माळाच्या नळ्यांतून हवा सुटली, मग थेंब पडायला लागले. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. बुडख्याशी ओल दिसली तशी बन्सीनं मोटार बंद करायला लावली. रामकिसन घरी आला. आशाबाई म्हशीखाली बसली होती. तो तिच्या मागं उभा राहिला.

"आशा, मघाशी रस नव्हता."

धार थांबली. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"चहा?"

"निम्मा."

आशाबाईनं चरवी खाली ठेवली, उठली, ओट्यावरचे बूट उचलले. रामकिसन आडवा आला नाही. ती चुलीपर्यंत गेली. चुलीत जाळ होता. तिथं ती उभी राहिली, मग फिरली आणि बूट स्कूटीच्या डिक्कीत कोंबले.

"बसा मागं. त्या मॅडमकडं चला."

*

डॉक्टर चारुता यांचा दवाखाना गारखेड्यात पहिल्या मजल्यावर होता. त्यांनी रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि अहवाल येईपर्यंत दोघांना बाकावर बसवलं. आशाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. डिक्कीतून काढून तिनं बाकाखाली टाकलेल्या बुटांना मुरूम चिकटला होता आणि फरशीवर त्याचे खडे पडले होते. ते तो एकेक वेचत होता.

"घाबरण्यासारखं काही नाही," चारुता कागद वाचून म्हणाल्या. "स्नायू ठीक आहेत, मूत्रपिंडंही ठीक आहेत. शरीरात पाणी नव्हतं, एवढंच. मी सांगितलं होतं ना, धावताना पीत जा?"

"पेतो मॅडम. आता पळताना वाटंतल्या हापशावर पेतो."

"आणि धावायच्या आधी? पाळीवर किती पिता?"

रामकिसननं वेचलेले खडे खिशात घातले.

"किती?"

"तिथं जाता येत नाय. म्हनून पेत नाय."

"पाळीभर?"

आशाबाई भिंतीकडून वळली. "आवं, रोज बाटली भरून देते. भरलेलीच घरी येती. मी तुळशीला वतते. मला वाटायचं, येताना तिथल्या फिल्टरची भरून आनता."

चारुतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्ही आठ तास भट्टीपुढे कोरडे उभे राहता, आणि सुटलात की धावायला लागता." त्या हसल्या नाहीत. "धावणं सोडायला मी सांगणार नाही. पण उपाशी बैलाला नांगराला जुंपल्यासारखं आहे हे. पाळीवर पाणी प्यायचं. जमत नसेल तर यंदा शर्यत नाही."

जिना उतरताना आशाबाई म्हणाली, "बूट माझ्यापाशी राहतील. बाटली रिकामी आनली का दुसऱ्या दिशी बूट भेटतील. भरलेली आनली, न्हाई भेटनार."

"आन् मी बाटली गटारीत वतून आनली तर?"

तिनं स्कूटीला किक मारली. "एकदा खोटं बोलले ना? किती वेळ टिकलं?"

*

पहिल्या दिवशी त्यानं अर्धी बाटली प्यायली आणि मशीनपुढं पाय बदलत उभा राहिला. मग मिहिर साहेबांकडं गेला.

"साहेब, जाऊन येतो."

मिहिरनं मान हलवली. तासाभरानं रामकिसन पुन्हा समोर.

"परत?"

"व्हय साहेब."

"शुगर आहे का तुम्हाला?"

"न्हाई. पानी प्यालो."

लाइनीवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "साहेब, जाऊ द्या, रस काढायचाय त्याला!" मिहिरचे कान लाल झाले. "हे बघा, इथं माणूस लागतो उभा राहायला. उत्पादन पडलं तर वरून मलाच बोलतात. मी कुणाला उभं करू?"

रामकिसन हात जोडून उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला माणूस पोराच्या वयाच्या साहेबापुढं लघवीसाठी हात जोडून उभा होता, आणि अख्खी लाइन पाहत होती. पण तो हलला नाही. परत मशीनकडं गेला असता तर ते सोपं झालं असतं.

"मी उभा राह्यतो," फकिरा म्हणाला. त्यानं स्वतःच्या मशीनचं दार उघडून ते थांबवलं होतं. "जा रे. पन माझ्या टायमाला तू उभा राह्यचं."

"तुम्हाला कधी जायचं असतं?" मिहिर म्हणाला.

"आजपस्तोर नसायचं साहेब. आता प्यायलो तर असंल की."

तसंच ठरलं. कुणी ठरवलं असं नाही. हळूहळू खिडकीतल्या दुसऱ्या बाटल्याही खाली होऊ लागल्या, माणसं एकमेकांच्या जागी उभी राहू लागली. उत्पादन पडलं नाही. मिहिर भुवई वर करायचा तो करतच राहिला, मात्र "परत?" म्हणणं त्यानं सोडलं. रस का चहा ही चेष्टा काही थांबली नाही.

रोज संध्याकाळी आशाबाई बाटली उलटी धरून पाही. एक थेंब पडे. मग ती पेटीतून बूट काढून ओट्यावर ठेवी. नडगीची कळ कमी झाली. खालच्या रानाचा ताण आठ दिवसांनी तोडला. माळाच्या झाडांना तोवर जोंधळ्याएवढ्या कळ्या धरल्या होत्या.

*

शर्यतीच्या दिवशी फकिरानं त्याला मोटारसायकलवरून गारखेड्याला सोडलं आणि तसाच पाळीवर गेला. उजाडायला आलं होतं. शहरातली पोरं-पोरी अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून उड्या मारत होत्या. रामकिसनच्या कमरेला आशाबाईनं शिवलेली कापडी पिशवी होती, तीत मीठ-साखरेच्या पुड्या. माइकवरून नियम सांगितले गेले. सगळ्यांच्या मागून पिवळा झेंडा लावलेली एक गाडी येणार. ती ज्याच्या पुढं जाईल त्याची शर्यत संपली, त्यानं गाडीत बसायचं.

"हळू सुरुवात करा," चारुता म्हणाल्या. त्यांचं या वर्षी धावणं नव्हतं, त्या धरणावर थांबणार होत्या. "आणि प्रत्येक टेबलाला थांबा. लोक पुढं गेले तरी."

लोक गेलेच. कांचनवाडी मागं पडली तेव्हा तो शेवटच्या दहा-बारांत होता. प्रत्येक टेबलाला तो थांबे, पुडी फोडी, पेलाभर पिई, मग निघे. चितेगावला सूर्य वर आला. कारखान्याच्या फाटकाशी चहाची सुट्टी झाली होती. फकिरा टपरीच्या बाकावर चढून ओरडला, "रस का चहा?"

"रस!" रामकिसन ओरडला. टपरीपाशी मिहिर उभा होता. त्यानं चहाचा ग्लास थोडा वर केला आणि लगेच इकडंतिकडं पाहिलं.

बिडकीनपासून आशाबाई आणि श्रेया स्कूटीवरून मागं-पुढं होत्या. पायाशी पाण्याचा कॅन, श्रेयाच्या मांडीत तांब्या. आशाबाईनं उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधला होता. नुसते डोळे दिसत होते. तो आला की तांब्या पुढं करी, तो रिकामा झाला की स्कूटी पुढं नेई.

वस्तीच्या वळणाआधीच वास आला. माळाचा तुकडा पांढरा झाला होता. मेलेल्या दोन ओळींच्या जागी मोकळी जमीन होती, तिच्या मागं सगळी झाडं फुलांनी भरलेली, आणि मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. बन्सी बांधावर बाज टाकून बसला होता. तो उठला नाही.

"पानी?"

"प्यालो आबा."

"मंग जा. हितं काय थांबला."

ढोरकीनला ऊन डोक्यावर आलं. डांबर बुटातून पोळू लागलं. पोटरीत गोळा आला तो जाईना. रामकिसन दहा पावलं पळे, वीस चाले. मागच्या वर्षी पडला होता ती जागा आली. पाइप तसाच होता. त्याच्या सिमेंटच्या ठोकळ्याशेजारी शेवटचं पाण्याचं टेबल होतं आणि एक स्वयंसेवक पोरगी पेले गोळा करत होती.

"काका, पळा पळा! गाडी मागंच आहे. ढोरकीन सोडलंय तिनं. पाणी पीत बसलात तर गाठेल."

रामकिसननं मागं पाहिलं. रस्ता सरळ होता आणि लांबवर उन्हात काहीतरी पिवळं हलत होतं. पुढं पैठणपर्यंत टेबल नव्हतं, आणि आशाबाईच्या तांब्यापाशी थांबलं तरी वेळ जाणारच. ओठ फाटले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. आत्ता पळालं तर कदाचित गाडीच्या पुढं राहता येईल. कोरडंच. मागच्या वर्षी इथंच त्यानं हाच हिशेब केला होता.

आशाबाई स्कूटीपाशी तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो पुढं केला नाही. नुसती पाहत राहिली.

रामकिसन सिमेंटच्या ठोकळ्यावर बसला. पाय लांब केले. "दे," तो म्हणाला.

तिनं तांब्या दिला. त्यानं पुडी टाकली, बोटानं ढवळलं आणि घोट घोट प्यायला लागला. श्रेया रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"पप्पा, गाडी! झेंडा दिसू राह्यला!"

"तिकडं बघू नको गं," आशाबाई म्हणाली. "आजून एक घ्या."

त्यानं दुसरा तांब्या घेतला. पोटरी दोन्ही हातांनी दाबली. आता सगळं गाडीवर होतं आणि गाडीवर त्याचा इलाज नव्हता. गोळा हळूहळू विरघळत होता.

"पप्पा," श्रेया म्हणाली. "गाडी थांबली."

"पंक्चर?"

"न्हाई. रसवंतीपाशी. समदे उतरू राह्यले."

खरंच, वाऱ्याबरोबर घुंगरांचा आवाज येत होता. लिंबाखालच्या रसवंतीचं चाक फिरत होतं. पिवळा झेंडा कडेला लागला होता, आणि ड्रायव्हर, झेंडेवाला आणि वाटेत उचललेले तीन-चार थकलेले धावक बाकड्यावर बसून बर्फ घातलेला रस पीत होते. स्वयंसेवक पोरीनं कपाळावर हात मारला. "सकाळपासून उन्हात आहेत बिचारे," ती म्हणाली.

"पिऊ द्या, पिऊ द्या," रामकिसन म्हणाला. "घाई करू नका म्हनावं." तो उठला. आशाबाईच्या स्कार्फमागून पहिल्यांदाच हसू दाबल्यासारखा आवाज आला.

*

धरणाच्या भिंतीखाली कमान उभी होती. बहुतेक लोक परत गेले होते. रामकिसन शेवटचा पल्ला पळत आला. ते पळणं चालण्यापेक्षा थोडंसंच वेगळं होतं. चारुतांनी त्याच्या गळ्यात पदक घातलं आणि मनगट धरून नाडी पाहिली. कमानीजवळच्या माणसानं विचारलं, "मागं कुणी आहे?" "नुसती गाडी," रामकिसन म्हणाला. गाडी बऱ्याच वेळानं आली. ड्रायव्हरच्या हातात अजून रसाचा प्लास्टिकचा ग्लास होता.

"आधी तिकडं जा," आशाबाईनं बाभळीच्या झुडपांकडं बोट केलं.

"लोक हायत."

"लोकांच्या समोरच मागल्या साली उचलून नेलं व्हतं."

तो झुडपाआड गेला. ती रस्त्यावर तांब्या धरून उभी राहिली. श्रेया धरणाकडं पाहत होती.

"काय?" आशाबाई ओरडली.

थोडा वेळ गेला.

"पान्यासारका," रामकिसन आतून म्हणाला. "आशा, निव्वळ पान्यासारका."

आशाबाई जागच्या जागी खाली बसली. स्कार्फ सोडला, तोंड पुसलं. रामकिसन बाहेर आला तेव्हा त्याला तिचा चेहरा दिवसात पहिल्यांदा दिसला. ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते, डोळे खोल गेले होते. तो तिच्यासमोर उकिडवा बसायला गेला, पाय दुखले म्हणून ओणवाच राहिला.

"तू कव्हा प्याली?"

"मला काय झालं?"

"कव्हा प्याली, ते सांग."

तिनं तांब्या बाजूला सरकवला. श्रेया म्हणाली, "आई सकाळपासून न्हाई प्याली. मला पाजलं मधी मधी."

"रस्त्यानं बाईमानसानं कुठं जायाचं?" आशाबाई चिडून म्हणाली. "तुम्हाला बरंय. झुडूप दिसलं का झालं."

रामकिसननं कॅन हलवून पाहिला. तळाशी होतं. त्यानं ते सगळं तांब्यात ओतलं, शेवटची पुडी फोडली, बोटानं ढवळलं आणि तांब्या तिच्यापुढं धरला. ती प्यायली. एका दमात अर्धा, मग थांबून उरलेला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. चारुतांच्या गाडीतून त्यानं आणखी एक बाटली मागून आणली, तीही संपली. तिघं सावलीत बसून राहिली. कमान खाली उतरवली गेली, माइक बंद झाला, पिवळ्या झेंड्याची गाडी निघून गेली.

बऱ्याच वेळानं आशाबाई चुळबुळ करू लागली. तिनं रस्त्याकडं पाहिलं, झुडपांकडं पाहिलं.

"जा," रामकिसन म्हणाला. "मी हाय."

श्रेयानं स्कार्फचं एक टोक धरलं, दुसरं त्यानं धरलं. दोघं झुडपाच्या तोंडाशी पाठ करून पडदा ताणून उभे राहिले. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. धरणावर फिरायला आलेलं एक कुटुंब जवळ येऊ लागलं तसा त्यानं मोकळा हात वर केला आणि त्यांना लांबून जायला सांगितलं. गळ्यातलं पदक पाहून त्यांना तो धरणावरचाच कुणी माणूस वाटला असावा. ते मुकाट वळले.

"काय?" रामकिसननं मान न वळवता विचारलं.

पलीकडून हसू आलं. वर्षभर दाबलेलं, थांबता थांबेना असं.

"चहा," आशाबाई म्हणाली. "पन दुधाचा."